जिनबाईंची अंत्ययात्रा

साखर महागली की मोर्चा निघतो. १९७२ च्या सुमाराला महागाईविरुद्ध मुंबईच्या बायकांनी लाटणी बाहेर काढली आणि सरकारला घाम फोडला. रेल्वेचा पास महागला तर लोक रुळांवर उतरतात. पण दारू महागली तर माणसाने करायचं काय? मोर्चा काढावा, तर हातात धरायचं काय हा पहिला प्रश्न. आणि काही धरलंच, तर ते शेवटच्या चौकापर्यंत भरलेलं राहील याची हमी कोण देणार, हा दुसरा.

म्हणूनच जगातल्या तमाम अर्थमंत्र्यांचा या करावर जीव असतो. दुधावर कर बसवला तर शिव्या मिळतात. दारूवर बसवला तर न पिणारे आशीर्वाद देतात, आणि पिणाऱ्यांची तर बोलायचीच पंचाईत. जो ओरडेल तो आपणहून जाहीर झाला! त्यापेक्षा सभ्य माणूस मुकाट्याने पैसे मोजतो आणि घरी गेल्यावर भाजी महाग झाल्याचं सांगतो.

२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने 'भारतीय बनावटीच्या विदेशी मद्या'वरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. (भारतीय बनावटीचं विदेशी! एवढी विसंगती एरवी फक्त वेदान्तात खपते.) आमच्या इमारतीतले एक काका तेव्हा जिन्यात मला अडवून म्हणाले, "हे बघा, मी काही घेत नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

"खरंय काका."

"क्वार्टरमागे किती वाढले माहीत आहे? शिवाय हॉटेलातला व्हॅट पाचाचा दहा टक्के झालाय, तो वेगळाच."

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे हो!"

"पेपरात येतं सगळं," असं म्हणून काका भराभरा जिना उतरून गेले. पुढे १४ जुलैला हॉटेल-बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला, त्या संध्याकाळी काका गच्चीत येरझाऱ्या घालत होते. तत्त्वाचा प्रश्न माणसाला असा बेचैन करतो.

पण लोक पूर्वी इतके भिडस्त नव्हते. इतिहासात एक प्रसंग असा आहे, की दारूवरचा कर वाढला म्हणून एका अख्ख्या शहराने सुतक धरलं. पाट्यांना काळी फडकी लावली, तिरडी उठवली, धाय मोकलून रडत मिरवणुका काढल्या. हे शहर म्हणजे लंडन, वर्ष १७३६, आणि मयत होती जिन.

त्याचं असं झालं. १६८८ मध्ये इंग्लंडच्या लोकांनी आपला राजा हाकलून हॉलंडचा विल्यम आणला. राजाबरोबर त्याच्या देशचं पेयही रुळलं. ज्युनिपरच्या फळांचा वास लावलेली ही दारू. डच लोक तिला 'जिनिव्हर' म्हणत, इंग्रजांनी तिचं 'जिनिव्हा' केलं, आणि दोन घोट गेल्यावर तेवढंही उच्चारता येईना म्हणून 'जिन' केलं. (व्युत्पत्तीचा शेवटचा टप्पा माझा आहे, पंडितांनी रागावू नये.) फ्रान्सशी युद्ध जुंपलं होतं, त्यामुळे फ्रेंच ब्रँडी बंद. मग १६९० मध्ये पार्लमेंटने कायदाच केला, की देशी धान्यापासून दारू गाळायला उत्तेजन द्यावं. पार्लमेंटात बसत होते जमीनदार. धान्य त्यांचं. ते पडून राहण्याऐवजी भट्टीत गेलं तर भाव टिकतो, तिजोरीत कर पडतो आणि शत्रूची ब्रँडी विकली जात नाही. इंग्लंडच्या इतिहासात दारू पिणं हे देशकार्य होण्याचा योग आला तो असा.

पुढच्या चाळीस वर्षांत हे देशकार्य लंडनच्या गरिबांनी अंगावर घेतलं. जिन विकायला ना धड दुकान लागे, ना भांडवल. तळघरात, न्हाव्याकडे, भाजीवालीच्या टोपलीत, ढकलगाडीवर, जिथे म्हणाल तिथे ती मिळे. पेनीभरात झिंग, दोन पेनीत बेशुद्धी. विकणाऱ्यांत बायका पुष्कळ. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, खेड्यातून मोलकरणीच्या कामाला येऊन ते सुटलेल्या. टोपली आणि चार बाटल्या, एवढ्यावर पोट चालायचं.

इथे मला थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. १७३४ मध्ये ज्युडिथ डेफोर नावाची एक बाई लंडनमध्ये फाशी गेली. तिची दोन वर्षांची मुलगी अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात होती. आश्रमाने पोरीला नवे कपडे दिले होते. आईने तिला थोडा वेळ म्हणून बाहेर नेलं, गळा आवळला, कपडे उतरवून विकले आणि आलेल्या पैशांची जिन घेतली. कपड्यांचे आले होते सोळा पेन्स. ही हकिगत पुढे दारूविरोधी प्रत्येक पत्रकात आली. तेव्हा 'लोकांचं पिणं हा लोकांचा प्रश्न' असं म्हणणाऱ्यांनी निदान हे सोळा पेन्स ध्यानात ठेवावेत. दारूबंदीवाले सगळेच काही खुळचट नव्हते. कर बसवावा असं वाटायला कारण होतं.

कर बसवायचा, पण कुणावर? सगळी मजा इथेच आहे.

पहिला प्रयोग १७२९ चा. स्वाद लावलेल्या दारूवर गॅलनला पाच शिलिंग कर आणि विक्रेत्याला वीस पौंडांचा परवाना. आता 'स्वाद लावलेली' असं कायद्याने म्हटलं की भट्टीवाला काय करणार? त्याने स्वाद लावायचं सोडलं! ज्युनिपर वगळून नुसता जाळ विकायला लागला, आणि लोकांनी त्या मालाला नाव दिलं 'पार्लमेंट ब्रँडी'. कायदा करणाऱ्या सभागृहाचं नाव कायदा मोडणाऱ्या मालाला मिळण्याचा मान दुसऱ्या कुठल्या लोकशाहीला मिळाला असेल असं वाटत नाही. चार वर्षांत, १७३३ मध्ये, तो कायदा गुंडाळावा लागला.

त्याच १७३३ मध्ये आणखी एक तमाशा झाला. रॉबर्ट वॉल्पोल हा तेव्हाचा मुख्य प्रधान. त्याने वाइन आणि तंबाखूवर अबकारी बसवायचा बेत काढला. वाइन म्हणजे साहेबलोकांचं पेय, तंबाखू म्हणजे व्यापाऱ्यांचा माल. झालं! व्यापारी, दुकानदार, वर्तमानपत्रं, सगळे खवळले. अबकारी कारकून आता घरात शिरून कपाटं उघडणार, इंग्रजाचं स्वातंत्र्य बुडालं, असा गहजब झाला. वॉल्पोलने बिल मागे घेतलं, तर आनंदाप्रीत्यर्थ गावोगाव होळ्या पेटल्या आणि त्यात त्याचेच पुतळे जळले. ह्या अबकारीचा राग इतका मुरलेला, की बावीस वर्षांनी, १७५५ मध्ये, डॉक्टर जॉन्सनने आपल्या शब्दकोशात त्या शब्दाचा अर्थ देताना भरपूर तोंडसुख घेतलं. अबकारी आयुक्तांनी अब्रुनुकसानी होते का म्हणून सरकारी वकिलाचा सल्ला घेतला. वकील शहाणा निघाला. होते म्हणाला, पण नाद करू नका असंही म्हणाला. शब्दकोशावर खटला भरायची वेळ आलेलं हे एकच खातं असावं.

मुद्दा असा, की साहेबाच्या वाइनवरचा कर चार महिने टिकला नाही. वॉल्पोलला स्वतःला वाइनचं वावडं होतं असंही नाही. तरुणपणी नौदलाच्या होडीतून चोरटी वाइन घरी आणवल्याचं त्याच्या चरित्रात नमूद आहे. तर धडा काय घेतला? वाइनला हात लावायचा नाही. जिन मात्र मोकळीच होती.

१७३६ चा कायदा झाला तो असा. त्याचे पुरस्कर्ते सर जोसेफ जेकिल, सत्तरी ओलांडलेले न्यायाधीश, अत्यंत सज्जन गृहस्थ. (सज्जन गृहस्थांनी कायदे करू नयेत, असं माझं मत होत चाललं आहे.) दोन गॅलनपेक्षा कमी दारू विकायची असेल तर वर्षाला पन्नास पौंडांचा परवाना, आणि वर गॅलनला वीस शिलिंग कर. त्या काळी लंडनच्या मोलकरणीला जेवूनखाऊन वर्षाला पाचसहा पौंड पगार. म्हणजे टोपलीवालीने परवाना काढायचा तर आठदहा वर्षं मोलकरीण व्हावं, काही खर्चू नये, आणि मग रीतसर जिन विकावी! मोठा भट्टीवाला, जो हजारो गॅलन गाळत होता, त्याच्या भट्टीवर हा कर नव्हता. त्याच्याकडे जाणाऱ्या धान्यावर तर नव्हताच नव्हता. शेतात जमीनदार, भट्टीवर शेठजी, नाक्यावर म्हातारी, अशी ही साखळी. आणि पार्लमेंटने विचारपूर्वक म्हातारीला पकडलं. राजाच्या खासगी खर्चात दारूच्या उत्पन्नाचा वाटा असे. तो बुडणार म्हणून सत्तर हजार पौंडांची भरपाई मात्र कायद्यासरशी मंजूर झाली. म्हातारीच्या भरपाईचं कलम कुणाला सुचलं नाही.

कायदा अमलात यायचा होता २९ सप्टेंबरला. पण जुलैमध्येच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, भर कोर्ट चालू असताना, दारूगोळ्याचं एक पुडकं फुटलं. (दारू शब्दाचे दोन्ही अर्थ एका जागी येण्याचा हा विरळा प्रसंग.) धुरातून पत्रकं उडाली. त्यांत पाच कायद्यांचा निषेध होता. एक जिनचा आणि एक चक्क थेम्स नदीवरच्या नव्या पुलाचा. माणूस सापडला तो निघाला धर्मोपदेशक! रागावलेल्या माणसाचं असंच असतं. एकदा निषेध करायला बसला की पुलालाही सोडत नाही.

सप्टेंबर संपत आला तसा शहरात शोककळा पसरली. गुत्तेवाल्यांनी पाट्या काळ्या केल्या. 'मॅडम जिनिव्हा' वारल्याचं जाहीर झालं. काही जण तिला बाई म्हणत, काही आई, काही राणी. शवपेटीच्या मिरवणुका निघाल्या, मागे रडणाऱ्यांच्या रांगा. आणि हे रडणं खोटं म्हणवत नाही, कारण उरलेला माल मिळेल त्या भावाने काढून टाकायचा असल्यामुळे शोक करणाऱ्यांची सोय आधीच झालेली होती. लंडनबाहेरच्या गावांतही अशी सुतकं पाळली गेली. मिरवणुकीची चित्रं छापून विकायला आली. 'क्वीन जिन'ची पदच्युती आणि मृत्यू या विषयावर एक नाटक निघालं, ते हेमार्केटच्या नाटकगृहाच्या नावावर छापलेलं आहे. 'जिन नाही तर राजा नाही' अशी घोषणा रस्त्यांत ऐकू येऊ लागली. राजा मात्र खरोखरच नव्हता. दुसरा जॉर्ज त्या वेळी हॅनोव्हरला होता आणि तिथे एका बाईत इतका रमला होता, की जिन गेल्याचं त्याला उशिरानेच कळलं असेल. वॉल्पोलने शहरात जागोजाग सैनिक उभे केले, आणि जेकिलसाहेबांच्या दारात पहारा बसवला. दंगल अशी झाली नाही. लोक इतके प्याले होते, की दंगलीला लागणारा तोल त्यांच्यापाशी नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून खरी कहाणी सुरू झाली. अख्ख्या लंडनात पन्नास पौंडांचे परवाने किती निघाले? सुरुवातीला दोन, असं सांगतात. आणि जिन? ती औषध झाली. कायद्यात वैद्यांना आणि औषधविक्यांना सूट होती. मग रातोरात शहरभर औषधी दुकानं निघाली. जिनमध्ये लाल रंग टाकून छोट्या बाटल्यांत भरायची, वर 'पोटशूळाचं पाणी' अशी चिठ्ठी. कळ येईल तेव्हा दोन-तीन चमचे घ्यावेत. लंडनमध्ये त्या साली पोटशुळाची साथ होती असं मृत्यूच्या नोंदींत कुठे दिसत नाही. पण कळा मात्र सगळ्यांना येत होत्या, विशेषतः शनिवारी.

आपण याला हसायचं कारण नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे तब्येतीच्या कारणासाठी डॉक्टरचा दाखला जोडून परमिट मिळत असे, आणि दणकट प्रकृतीचे कितीतरी गृहस्थ अचानक आजारी पडले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातली औषधं आणि प्रसाधनं यांविषयीची कलमं रद्द केली; मग टिंक्चर आणि कोलन वॉटर यांना जो मान मिळाला तो त्यांना औषधाच्या कपाटात कधी मिळाला नव्हता. आजही महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो. 'परमिट रूम' ही पाटी आपण रोज वाचतो, पण आत जाणाऱ्याकडे परमिट मागितल्याचं काही ऐकिवात नाही.

या काळाचा खरा नायक म्हणजे कॅप्टन डडली ब्रॅडस्ट्रीट. आयरिश, कर्जबाजारी, डोकेबाज. त्याने काय केलं, कायदा विकत आणून वाचला. (इथेच तो सामान्य नागरिकापासून वेगळा झाला.) त्याला आढळलं, की घरात शिरायचं तर घर कोणाच्या नावावर आहे हे खबऱ्याला सांगता आलं पाहिजे. त्याने ब्लू अँकर आळीत दुसऱ्याच्या नावाने घर घेतलं, खिडकीला लाकडी मांजर ठोकलं, मांजराच्या पंजाखाली शिशाची नळी बसवली, आणि तेरा पौंडांची जिन घेऊन आत कडी लावून बसला. गिऱ्हाइकाने मांजराला हाक मारायची, फटीत दोन पेनी टाकायच्या, आणि पंजाखाली पेला धरायचा. आतून ब्रॅडस्ट्रीट नरसाळ्याने ओतणार. विकणारा कोण? मांजर! मांजरावर समन्स कसं बजावणार? काही दिवसांत आळीतून चालायला वाट राहिली नाही, आणि मग सगळ्या शहरात मांजरं दिसू लागली. आपल्या मुंबईत दारूबंदीच्या काळात गल्लीबोळांत 'आंटी' होत्या, तशी तिकडे ही 'मनी'. पुढे १७४५ च्या बंडात आपण सरकारचा हेर होऊन बंडखोरांना डर्बीहून परत फिरवलं, असंही कॅप्टनसाहेबांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मांजराची गोष्ट पटली की माणूस पुढचंही मान्य करतो.

पण प्रत्येकाला मांजर परवडत नव्हतं. टोपलीवाली टोपलीच घेऊन फिरत राहिली. पकडली गेली तर दंड दहा पौंड; नाही भरला तर दोन महिने सक्तमजुरी. आणि जो खबर देईल त्याला त्यातले पाच पौंड. पाच पौंड म्हणजे मोलकरणीचं वर्ष! खबर कोण देणार? दुसरी मोलकरीण. शेजारीण. काल जिच्याकडून उधारीत दोन घोट घेतले तीच. खबऱ्यांच्या टोळ्या झाल्या, त्यांत बायकांचा भरणा. आणि लोकांचा राग? तो जेकिलवर निघाला नाही, भट्टीवाल्यावर तर नाहीच. तो निघाला खबऱ्यांवर. त्यांना चिखल फासला, घोड्यांच्या डबक्यात बुचकळलं, दगडांनी मारलं. काही जीव गेले. १७३८ च्या जानेवारीत एका न्यायाधीशाच्या घराला हजारभर लोकांनी वेढा घातला, का, तर आत लपलेले खबरे बाहेर द्या म्हणून. त्याच वर्षी खबऱ्यावर हात टाकणं हा मोठा गुन्हा ठरवावा लागला. एका बाजूला पाच पौंडांसाठी शेजारणीला तुरुंगात घालणारी बाई, दुसऱ्या बाजूला तिला दगड मारणारी तिची आळी, आणि दोघींच्या मध्ये कुठेही पार्लमेंट नाही. अंत्ययात्रेची चित्रं पुष्कळ छापली गेली. ह्या बायकांचं चित्र काढायला कुणी बसलं नाही.

आणि खप? तो वाढला. १७४३ मध्ये इंग्लंडात गाळलेल्या दारूने वर्षाला ऐंशी लाख गॅलनचा आकडा ओलांडला. तोपर्यंत युद्ध सुरू झालं होतं, सरकारला पैसा हवा होता. लॉर्डांच्या सभेत बिशपांनी विरोध केला, लॉर्ड चेस्टरफील्डने सरकारची यथास्थित खिल्ली उडवली. तरीही पन्नास पौंडांचा परवाना जाऊन एक पौंडाचा आला, आणि कराचा भार गेला तो भट्टीवर. गुत्तेवाल्यांनी हजारोंनी परवाने काढले. गोष्ट साधी होती. पन्नास पौंड मागितले तर माणूस मांजर होतो, एक पौंड मागितला तर रांगेत उभा राहतो. आमच्या जिन्यातल्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हेच मी म्हणतो. माफक असावं." कर की पिणं, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

शेवटी १७५१ मध्ये होगार्थने 'जिन लेन'चं ते भयंकर चित्र छापलं. पायरीवरून मूल खाली पडतंय आणि आईला पत्ता नाही! त्याच वर्षी नवा कायदा आला. भट्टीचा कर बेताने वाढवला, भट्टीवाल्यांना किरकोळ विक्री बंद केली, परवाना दोन पौंडांचा, तोही बऱ्यापैकी भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाच. १७५७ मध्ये पीक बुडालं तेव्हा धान्यापासून दारू गाळणंच काही वर्षं बंद झालं. १७६० च्या आसपास खप जुन्या आकड्याच्या पाव हिश्श्यावर आला होता. कशामुळे आला यावर इतिहासकार भांडतात. कोणी कराला श्रेय देतो, कोणी महागलेल्या धान्याला, कोणी नुसत्या बदललेल्या आवडीनिवडीला.

माझं मत विचाराल तर ते १७५१ च्या कायद्यातल्या एका बारक्या कलमाला आहे. त्या कलमाने असं ठरवलं, की वीस शिलिंगांच्या आतली दारूची उधारी कोर्टात वसूल होणार नाही. म्हणजे ज्याला पाजायची त्याला खुशाल पाजा, पण पैसे बुडाले तर आमच्याकडे रडत येऊ नका. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपले वाणी स्वतःच्या हाताने रंगवून लावतात. लंडनच्या गुत्तेवाल्यांना ती पार्लमेंटने ठराव करून लावून दिली.